विद्यापीठ शेजारी, बातमी मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. नाशिककरांनो, तुमच्याकडे कसं कळतं?

गिरणीवाली_गंगापूर
८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, लिहिते कमी. आज राहवलं नाही.

गंगापूर गावात आमची पिठाची गिरणी आहे. गेल्या आठवड्यात एक मावशी दळण घेऊन आल्या, डब्यावर झाकायला पेपर आणला होता. त्यात फोटो होता. गोदावरीच्या पाण्यावर व्याख्यान झालेलं, 'काल उत्साहात संपन्न झाले' असं खाली लिहिलेलं. व्यासपीठावर सात जण बसलेले, पुढच्या दोन रांगा भरलेल्या आणि मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. ते सभागृह माझ्या गिरणीपासून चालत वीस मिनिटांवर आहे.

आम्ही त्या नदीच्या काठावर राहतो. माझ्या सासूबाई अजून नदीला गंगाच म्हणतात, सगळं नाशिक म्हणतं. उन्हाळ्यात पाणवेलींनी पात्र हिरवंगार झाकलं की वास कुठून कुठपर्यंत येतो, कोणत्या महिन्यात हात लावला की अंगाला खाज सुटते, हे गावातल्या बायकांना तोंडपाठ आहे. आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर वीस-पंचवीस जणी सहज गेलो असतो. विचारायला प्रश्न होते आणि सांगायलाही बरंच होतं.

याआधी एकदा मी आपण होऊन गेले होते. वेगळी संस्था, वेगळं दार. नाव लिहीत नाही, कारण मला एकाच दाराबद्दल बोलायचं नाही. गेटवर विचारलं, "कोणी बोलावलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, बोर्ड पाहिला." ते म्हणाले, "मग पास लागेल." त्या भाऊंचा काही दोष नव्हता, त्यांना तसंच सांगितलेलं असणार. पण परतीच्या वाटेवर फार वाईट वाटलं.

आपल्या आजूबाजूला किती आहे बघा. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, दिंडोरी रोडला म्हसरूळजवळ महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, त्र्यंबक रोडला महिरावणीत संदीप विद्यापीठ. पुणे विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं तर गंगापूर रोड आणि कॉलेज रोडला पावलापावलावर. एवढी शिकलेली माणसं आपल्या वेशीवर बसली आहेत आणि आपल्याला त्यांच्या कार्यक्रमाची बातमी रद्दीतून कळते.

माझं म्हणणं एवढंच आहे की बातमी आधी मिळावी. माझ्या गिरणीच्या भिंतीवर तीन बाय चारचा काळा फळा रिकामा आहे. सगळं गाव दळणाला येतं. महिन्याचे कार्यक्रम तिथे लिहायची माझी तयारी आहे. पण ते मिळवायचे कुठून? तुमच्या भागात कसं कळतं ते सांगा.

सेकंडशिफ्ट_सातपूर
८ जून, रात्री ११:५५

ताई, आत्ताच ड्यूटीवरून आलो, जेवता जेवता वाचलं.

मी मुक्त विद्यापीठाचा पदवीधर आहे म्हणून आधी त्यांच्याबद्दल. दहावीनंतर शिक्षण सुटलं, एमआयडीसीत हेल्परला लागलो. पुढे तिशी ओलांडल्यावर आमच्या सुपरवायझरने सांगितलं की पूर्वतयारी करून पदवीला बसता येतं. तेव्हा तशी सोय होती. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास, बाकी सगळं पुस्तकावर. शिफ्ट सुटली की कँटीनच्या टेबलावर वाचायचो. १९८९ च्या १ जुलैला हे विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. माझ्या घरात ती गंगा खरोखर आली. नाशिकरोडच्या कारागृहातसुद्धा त्यांचं अभ्यासकेंद्र आहे, म्हणजे जे बाहेर येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत ते आत गेले.

म्हणून मला वाटतं की ज्यांनी महाराष्ट्रभर घरोघरी जायचं ठरवलं, त्यांना गंगापूर-गोवर्धन काही लांब नाही. कोणीतरी निरोप्या पाहिजे. फळ्याची कल्पना मला फार आवडली.

एक विनंती. वेळ लिहिताना आमचा विचार करा. पहिली शिफ्ट सातला लागते आणि दुपारी साडेतीनला सुटते. बुधवारी सकाळी अकराच्या कार्यक्रमाला कामगार येणार कसा?

म्हसरूळकर
९ जून, सकाळी ७:१५

आमच्याकडची गंमत नाही, अडचण सांगतो. आरोग्य विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि अजूनही पाहुणे विचारतात, "तुमच्या शेजारी एवढं मोठं हॉस्पिटल आहे, ओळख असेल ना?" त्यांना समजावून सांगावं लागतं की राज्यभरातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा, पदव्या हा मुख्य कारभार. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांना एवढंही नीट माहीत नसेल तर त्यात आमचीही चूक आहे. आम्ही कधी विचारायला गेलो नाही.

आमच्या बाजूला चामर लेणीच्या पायथ्याला आणि पुढे दिंडोरीकडे मळे आहेत. पावसाळा लागला की विंचू-साप निघतात. गेल्या वर्षी शेजारच्या मळ्यातल्या बाईला गवत कापताना साप चावला. लोकांनी दोरीने पाय करकचून बांधला, कोणी ब्लेड आणायला धावलं. नशिबाने एक नर्सताई जवळ राहतात. त्यांनी दोरी सोडायला लावली, पाय हलू दिला नाही आणि रिक्षात घालून सरळ दवाखान्यात नेलं. बाई वाचली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर औषध एकच, दवाखान्यातलं प्रतिविष. हे सांगायला मोठा वक्ता, शाल, नारळ काही लागत नाही. कोणीही जाणकार पारावर अर्धा तास बसला तरी एखादा जीव वाचतो.

मला विद्यापीठाकडून 'बातमी' नको, असा अर्धा तास पाहिजे.

पंचवटीचे_काका
९ जून, दुपारी १:०५

तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं एक उत्तर आपल्याच घाटावर आहे.

वसंत व्याख्यानमाला. १९२२ पासून चालू आहे. मे महिना, गंगेकाठी देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगण, संध्याकाळची वेळ. मी लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचो, आता नातवाला नेतो. या सगळ्या वर्षांत आमच्या घरी निमंत्रणपत्रिका कधी आल्याचं मला आठवत नाही, आणि त्यावाचून अडलंही नाही. मे लागला की संध्याकाळी जेवण लवकर उरकून लोक पटांगणाकडे चालायला लागतात. वक्ता कोण आहे हे पुष्कळांना तिथे गेल्यावर कळतं. भाजीवाले गाडी लावून ऐकतात, यात्रेकरू कपडे वाळत घालता घालता ऐकतात. मधून उठून गेलं तरी कोणी डोळे वटारत नाही.

तेव्हा ताई, नुसती बातमी आधी कळून भागणार नाही. जागा आणि वेळ ठरलेली पाहिजे. आज सभागृह, उद्या सेमिनार हॉल, परवा तिसरा मजला, कधी अकरा तर कधी साडेतीन, असं असेल तर फळ्यावर लिहूनही माणसं येणार नाहीत. 'महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, अमुक जागा' एवढं पाच वर्षं पाळून दाखवा, मग फळ्याचीही गरज राहणार नाही.

सार्वजनिक वाचनालय १८४० चं. तिथेही माणूस सवयीने जातो.

एक_प्राध्यापिका
९ जून, रात्री १०:२०

मी यातल्याच एका प्रकारच्या संस्थेत शिकवते. कोणत्या ते सांगत नाही, पण आतली बाजू मांडावी असं वाटलं.

गिरणीवाल्या ताई, रिकाम्या खुर्च्या पाहून तुम्हाला वाईट वाटलं, आम्हाला त्याहून जास्त वाटतं. मोकळ्या रांगा भरायला ऐनवेळी वर्गातली मुलं आणून बसवतो आणि ती मोबाइलमध्ये मान घालून बसतात. ज्यांना खरंच ऐकायचं असतं ते बाहेर राहतात.

हे असं का होतं? एक तर कार्यक्रम ठरतो फार उशिरा. पाहुण्यांची तारीख तीन-चार दिवस आधी मिळते. मग पोस्टर तयार होतं आणि आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. गावात पाठवायचं कोणाकडे हे कोणालाच माहीत नसतं. आमच्याकडे तुमचा नंबर नाही आणि तुमच्याकडे आमचा नाही. कार्यक्रम झाला की मात्र घाई असते, कारण नॅकसाठी, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेसाठी, अहवाल, हजेरीपट आणि जिओटॅग केलेले (जागेची नोंद असलेले) फोटो लावावे लागतात. म्हणून पेपरात बातमी तत्परतेने जाते. आधीच्या बातमीची जबाबदारी कोणाच्याच कामात लिहिलेली नाही, नंतरच्या बातमीची आहे. खरी मेख इथे आहे.

गेटबद्दलही बोलते. परीक्षेच्या काळात आत प्रश्नपत्रिका असतात, मुलींची वसतिगृहं असतात. उद्या काही झालं तर पहिला जाब वॉचमनला. त्यामुळे दार सताड उघडं ठेवा हे मला पटत नाही. विद्यापीठ म्हणजे बाग नव्हे, हे शेजाऱ्यांनीही समजून घ्यावं.

गिरणीवाली_गंगापूर
१० जून, सकाळी ६:३०

मॅडम, तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. मुलींच्या वसतिगृहाचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. माझी मुलगी दोन वर्षं वसतिगृहात होती, तिथे कोणीही आत यावं असं मलाही चाललं नसतं.

मला रोज आत यायचं नाही. जो कार्यक्रम सगळ्यांसाठी आहे असं तुम्हीच ठरवता, त्या दिवशी गेटवरच्या भाऊंकडे 'आज गावकरी येणार आहेत' एवढी चिठ्ठी असली तरी पुरे. आम्ही वहीत नाव लिहू, सही करू, आधारकार्ड दाखवू.

आणि 'नंबर नाही' हे तुम्ही म्हणालात ते मनात बसलं. इतक्या वर्षांत आम्हीही कुठे दिला?

काका, ठरलेल्या वेळेचं तुमचं म्हणणं रात्री यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, गिरणीचंही तसंच आहे. वेळेवर उघडली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या गिरणीला जातं.

जुना_रासेयो
१० जून, दुपारी ४:४५

नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयोचा) कार्यक्रम अधिकारी होतो. आता निवृत्त आहे. लांब लिहितो, पण या धाग्याला उपयोग होईल.

शेजाऱ्यांसाठी काम करणं ही विद्यापीठांची मेहेरबानी नाही, ते त्यांच्या कामातच धरलेलं आहे. अध्यापन, संशोधन आणि विस्तार अशी तीन अंगं. विस्तार म्हणजे शिक्षण भिंतीबाहेर नेणं. नॅकच्या मूल्यमापनात तिसऱ्या निकषात संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्ताराचं स्वतंत्र मंडळ सांगितलं आहे. मुक्त आणि आरोग्य विद्यापीठांचे कायदे वेगळे आहेत, पण विस्ताराची जबाबदारी त्यांनाही चुकलेली नाही.

आता मुलांकडे या. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष होतं. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. शंभर मुलांचं एक युनिट धरा, म्हणजे वर्षाला १२,००० तास झाले. हे तास कुठे जातात? नीट सांगतो, कारण मी स्वतः ते भरले आहेत. चांगले जातात तेव्हा वनराई बंधारा होतो, गावाची पाणीपट्टी कोणी का भरत नाही याची पाहणी होते, म्हाताऱ्यांना बँकेचे फॉर्म भरून मिळतात. वाईट जातात तेव्हा तोच रस्ता तिसऱ्यांदा झाडला जातो. फरक एवढ्याने पडतो की गावाने काय मागितलं. ज्या गावचे लोक आधी येऊन बसले आणि 'आम्हाला हे पाहिजे' म्हणाले, तिथलं शिबिर चाळीस वर्षांच्या माणसालाही आठवतं. ज्या गावाने काही मागितलं नाही तिथे आम्ही आमच्या मनाने केलं आणि ट्रक भरून परत आलो. माझ्या हातून अशीही शिबिरं झाली, त्याची खंत आहे.

पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आणखी एक सोय आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. बहिःशाल शिक्षण मंडळाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला. जयकर हे १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ही व्याख्यानं मुळात कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या लोकांसाठी. बहिःशाल या शब्दातच ते आहे. तुमच्या जवळच्या कॉलेजात ती कधी असते हे विचारा आणि गावातल्या मारुतीच्या देवळात घ्या म्हणा. आम्ही घेतली आहेत.

२०१४ पासून उन्नत भारत अभियान आहे, त्यातही संस्था गावं दत्तक घेतात. तुमचं गाव कोणत्या संस्थेच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. पुष्कळदा गाव दत्तक असतं आणि गावाला पत्ता नसतो.

म्हणून करायचं काम: एक पत्र. कुलसचिवांना, एक प्रत विस्तार किंवा विद्यार्थी विकास विभागाला, एक रासेयो समन्वयकांना. पत्रात तक्रार नको. गाव, जागा, लोकांच्या सोयीची वेळ, तीन विषय आणि संपर्काचे दोन नंबर. टपालाने पाठवू नका, स्वतः जा आणि आवक-जावक विभागातून पोचीचा शिक्का घ्या. शिक्का असला की पत्र पोचल्याचा पुरावा आपल्या हाती राहतो.

गिरणारेकर
१० जून, रात्री ८:५०

रासेयो सर, लई कामाचं सांगितलं.

आमचं बोलायचं तर मुक्त विद्यापीठाकडं कृषी विज्ञान केंद्र आहे, ते आमच्या ओळखीचं. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ ला पुदुच्चेरीला निघालं, आज बहुतेक सगळ्या जिल्ह्यांत आहेत. माती-पाणी तपासायचं, नवं वाण शेतावर लावून दाखवायचं, ट्रेनिंग द्यायचं. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या बाजारात उभं राहिलं की चार जण तरी भेटतात ज्यांनी तिथून काही ना काही शिकलंय.

पण वेळेची बातमी शेतकऱ्याला वेळेतच पाहिजे ना भो. द्राक्षाचं बघा. एप्रिलला खरड छाटणी झाली की ४५ दिवसांच्या आसपास देठ परीक्षणाला, म्हणजे पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासायला, नमुना घ्यायचा. म्हणजे आत्ता, याच दिवसांत. पुढच्या हंगामाचा घड काडीत याच काळात ठरतो. दुसरा नमुना ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात. हे सांगणारं ट्रेनिंग जुलैअखेर झालं तर त्याचा काय उपयोग? पंधरा दिवस आधी फळ्यावर लिहिलं तर माणूस कामं मागंपुढं करतो.

आमची वेळ म्हणाल तर फवारणी सकाळी उरकते, दुपारी कोणी मोकळं नाही, संध्याकाळी सातनंतर सगळे मोकळे. पावसाळ्यात छताखाली जागा पाहिजे. देऊळ चालेल, शाळा चालेल.

नवी_नाशिककर
११ जून, सकाळी ११:३०

सगळे एवढे समजुतीने का बोलताय कळत नाही. सार्वजनिक विद्यापीठं लोकांच्या पैशावर चालतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे संस्थांनी माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. सरळ अर्ज टाका: गेल्या तीन वर्षांत किती विस्तार कार्यक्रम झाले, कुठे झाले, किती गावकरी हजर होते. चार आकडे बाहेर आले की आपोआप आमंत्रणं येतील.

जुना_रासेयो
११ जून, दुपारी १२:१०

कायदा बरोबर सांगितलात आणि तो हक्क आहेच. पण पहिलं पत्र अर्जाचं असू नये असं माझं मत. शेजाऱ्याकडे पहिल्यांदा जाताना आपण वाटी घेऊन जातो. उत्तर आलंच नाही तर दुसऱ्या महिन्यात तुमचा अर्ज मी स्वतः लिहून देईन.

एक_प्राध्यापिका
११ जून, दुपारी २:००

नवी_नाशिककर, तुमचा राग समजतो. पण अर्ज आला की तो विस्तार विभागाच्या हातातून निघून माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. मग उत्तर तीस दिवसांत येतं आणि त्यात माणूस नसतो. पत्र आलं तर ते आमच्यापैकी एखाद्या उत्साही शिक्षकाच्या हाती पडण्याची शक्यता असते. अशी माणसं प्रत्येक संस्थेत असतात, त्यांना फक्त निमित्त हवं असतं.

नवी_नाशिककर
११ जून, संध्याकाळी ६:४०

ठीक. महिनाभर थांबते. पण महिनाच.

गिरणीवाली_गंगापूर
१२ जून, रात्री ९:१५

पत्र लिहिलं. माझ्या अक्षरात, यजमानांनी शुद्धलेखन पाहिलं. रासेयो सरांनी सांगितल्याप्रमाणे तक्रारीचा एक शब्द नाही. तीन विषय असे दिले: पावसाळ्यातले साप आणि पहिली मदत (म्हसरूळकरांचा), माती आणि देठ तपासणी (गिरणारेकरांचा) आणि नदीचं पाणी, ज्याच्यावरून मी हा धागा काढला. जागा शाळेचा वर्ग, मुख्याध्यापकांनी तोंडी हो म्हटलंय. वेळ शनिवारी संध्याकाळी सात.

आणखी एक मागणी मी आपल्या मनाने घातली, चुकलं असेल तर सांगा. मुक्त विद्यापीठात कुसुमाग्रज अध्यासन आहे, नव्या कवींना विशाखा पुरस्कार देतात, कथेसाठी बाबुराव बागुलांच्या नावाचा पुरस्कार आहे. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, नाशिकचे आणि बागुलांचा जन्म इथल्याच विहितगावचा. मी लिहिलं की त्या कवी-लेखकांपैकी कोणी आलं तर आमच्या शाळेतल्या पोरांना तासभर भेटवा. पोरांना वाटतं पुस्तकातली माणसं सगळी वारलेली असतात.

सोमवारी चार ठिकाणी जाऊन शिक्के घेणार.

सेकंडशिफ्ट_सातपूर
१३ जून, रात्री १२:१०

ताई, चुकलं काहीच नाही, ही मागणी सगळ्यात भारी आहे. सोमवारी माझी सुट्टी आहे. गाडी घेऊन येतो, चारही ठिकाणं एका दिवसात होतील.

अजून एक, आपल्या मुलांना सांगायला. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे ते यशवंतराव संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. माझ्या वडिलांना त्या दिवसांचं फार अप्रूप होतं.

पंचवटीचे_काका
१३ जून, सकाळी ८:००

शनिवार असेल तर दर महिन्याचा तोच शनिवार धरा. पहिल्या वेळी बारा माणसं आली तरी दुसरा महिना चुकवू नका. मी येईन, रिक्षा करून येईन.

गिरणीवाली_गंगापूर
२९ जून, रात्री १०:०५

उशीर झाला, शाळा सुरू झाल्या, दळणाची गर्दी होती. हकीकत सांगते.

चार ठिकाणी पत्र दिलं, चारही ठिकाणी शिक्का मिळाला. एका ठिकाणी बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसलो, पण सातपूरच्या दादांनी तेवढ्यात तिथल्या शिपायांशी गट्टी केली. ते शिपाई मुक्त विद्यापीठातूनच शिकताहेत.

दोन ठिकाणांहून अजून काही नाही. तिसऱ्या ठिकाणाहून फोन आला, 'पत्र वरिष्ठांकडे ठेवलंय' म्हणून. चौथ्या ठिकाणाहून एक शिक्षिका स्वतः गिरणीत आल्या. मी पिठाने पांढरी झालेली, त्यांना बसायला गोणी दिली. त्यांनी फळा पाहिला, शाळेचा वर्ग पाहिला, आणि विचारलं, "बायका वर्गात येतील का? पारावरच घेऊ या का?" मला हे सुचलंच नव्हतं. शाळेच्या वर्गात आमच्यातल्या निम्म्या जणी लहानपणानंतर पाऊल ठेवलेल्या नाहीत, संकोच होतो. आता पाऊस नसेल तर पार, पाऊस असेल तर विठ्ठल मंदिर, असं ठरलं.

जुलैचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सात. साप आणि पहिली मदत. नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी आणि त्यांच्या मॅडम येणार. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मातीचा नमुना कसा घ्यायचा ते. देठ परीक्षणाची वेळ यंदा गेली, गिरणारेकर दादा, माफ करा. पण ऑक्टोबरच्या छाटणीआधी तो विषय घ्यायचा म्हणून वहीत लिहून ठेवलाय.

नदीच्या पाण्याचं मात्र अजून कोणी घेतलेलं नाही.

गिरणारेकर
२९ जून, रात्री १०:४०

माफी कसली ताई. घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा असतो फुलोऱ्यात, तेवढं मी येऊन दाखवीन. मला कुठल्या विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

म्हसरूळकर
३० जून, सकाळी ७:३०

ज्या नर्सताईंनी आमच्या मळ्यातल्या बाईला वाचवलं, त्यांना मी हा धागा दाखवला. त्या म्हणाल्या, विद्यार्थिनी येणार असतील तर मीही येते, प्रत्यक्ष काय घडलं ते सांगते. ती बाई पण यायला तयार आहे. आमच्या म्हसरूळलाही फळा लावायचा विचार आहे, रसवंतीवाले भिंत देतो म्हणाले.

एक_प्राध्यापिका
३० जून, रात्री ९:३०

एक विनंती करू का? त्या दिवशी एक वही ठेवा. कोणी काय प्रश्न विचारला तो त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्या. आमच्याकडे हजेरीपट असतात, प्रश्नांची वही कुठेच नसते. नदीच्या पाण्यावर तुमच्या गावातल्या बायकांना जे माहीत आहे, कोणत्या महिन्यात काय होतं ते, तेही त्याच वहीत उतरवा. वर्षभराच्या नोंदी झाल्या तर कोणताही संशोधक विद्यार्थी ती वही मागत गिरणीत येईल. मी माझ्याकडच्या एकीला आजच सांगितलंय.

गिरणीवाली_गंगापूर
१ जुलै, सकाळी ६:४५

मॅडम, वही आजच आणते, दोनशे पानी. सासूबाईंपासून सुरुवात करते. त्या म्हणाल्या, धरण व्हायच्या आधीचंही सांगू का? म्हटलं, सगळं सांगा.

रासेयो_मुलगी
१ जुलै, दुपारी ३:२०

नमस्कार, मी इथे नवीन आहे. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात एसवायला आहे. सरांनी आज वर्गात हा धागा वाचून दाखवला. आमचे वर्षाचे १२० तास अजून एकही भरलेले नाहीत. आम्ही सहा जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन फळा लिहून देऊ शकतो. आजूबाजूच्या सगळ्या संस्थांच्या वेबसाइट पाहून, फोन करून यादीही काढू. माझं अक्षर चांगलं आहे. काकू, गिरणी किती वाजता उघडते?

गिरणीवाली_गंगापूर
१ जुलै, रात्री ८:५०

ये गं बाळा. सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ. शनिवारी दुपारपर्यंत वीज नसते, तेव्हा येऊ नकोस. रविवारी नऊला या, सगळ्यांचा नाश्ता माझ्याकडे. खडू मी आणून ठेवते, पांढरे आणि पिवळे. पाऊस आडवा आला की फळा भिजतो, म्हणून यजमानांनी आज वर पत्रा ठोकलाय.